संशोधकांची जुनी वेबसाइट नव्यानं करायची असेल तर कुठनं सुरू करायचं

सातारा, कराड, सांगली, मिरज या पट्ट्यात असं बरंच होतं. प्राध्यापक, पीएचडीची पोरं, लायब्ररियन, मोडी वाचणारे हौशी लोक असे मिळून एखादी वेबसाइट काढतात, प्रश्न विचारायचे, पेपर शेअर करायचे, कुठं कॉन्फरन्स आहे ते टाकायचं, आणि मग दहा-बारा वर्षांनी मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतं, "साइट लय जुनाट दिसतीय ओ सर, जरा मॉडर्न करूया." पुढचा सगळा वेळ रंग कुठला, लोगो कुठला, अध्यक्षांचा फोटो डावीकडं की उजवीकडं यात जातो. मी वेबसाइटी करतो, सांगलीत बसून, गिऱ्हाईक बरंचसं कॉलेजवालं, त्यामुळं हे जवळनं बघतोय. असल्या साइटची किंमत तिच्या दिसण्यात नसते ओ, लोकांनी वर्षानुवर्षं तिथं जे लिहून ठेवलंय त्यात असते. ते नव्या माणसाला पटकन सापडलं पाहिजे आणि त्यातलं काही हरवता कामा नये, बाकी रंगबिंग नंतर बघता येतं.

पहिलं काम कंटाळवाणं आहे पण ते झाल्याशिवाय एक ओळ कोड लिहायची नाही. डोमेन कुणाच्या नावावर आहे, होस्टिंगचं बिल कोण भरतंय, ॲडमिनचा पासवर्ड कुणाकडं आहे, रिन्यूअलचा मेल कुणाला जातो, एवढं विचारून घ्या. बहुतेक वेळा कळतं ते असं, की डोमेन एका सरांनी त्या काळी स्वतःच्या मेलवर घेतलेलं, सर रिटायर होऊन पुण्याला मुलाकडं गेले, जुना मोबाइल नंबर बंद झाला आणि ओटीपी अजून त्याच नंबरवर जातोय. सर भेटतायत तोवर जा, चहा घ्या आणि तिथंच बसून ट्रान्सफर करून घ्या. ग्रुपच्या नावानं एक कॉमन मेल काढा, त्याचा ॲक्सेस दोघांकडं ठेवा, तिघांकडं नको कारण मग कुणीच बघत नाही.

मग बॅकअप. डेटाबेस वेगळा आणि लोकांनी अपलोड केलेल्या फाइलींचा फोल्डर वेगळा, दोन्ही घ्यायचे. पोरं नुसता डेटाबेस उतरवतात आणि म्हणतात झालं, पण मग लिखाण येतं आणि त्याला जोडलेले पीडीएफ, नकाशे, फोटो येत नाहीत. आणि घेतलेला बॅकअप दुसऱ्या मशिनवर उघडून साइट चालू झालेली डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्याला बॅकअप म्हणायचं नाही. एक कॉपी साध्या हार्डडिस्कवर ठेवा. जमलं तर महत्त्वाची पानं इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर पण सेव्ह करून ठेवा, फुकट आहे.

आता खरं काम, लोक येतात कशाला ते शोधणं. कमिटीला विचारलं तर सांगतील "ज्ञानाची देवाणघेवाण". त्यांना नका विचारू, साइटच्या सर्चबॉक्समध्ये लोकांनी काय टाइप केलंय त्याची नोंद काढा, गूगल सर्च कन्सोल जोडलेलं असेल तर कुठल्या शब्दांवरनं लोक आले ते तिथं दिसतं, आणि ग्रुपच्या व्हॉट्सॲपवर वर्षभर कुठले प्रश्न परत परत आलेत ते वर सरकवत जाऊन वाचा. तिथं देवाणघेवाण वगैरे काही नसतं. सिनॉप्सिसचा नमुना आहे का, कुठले गाइड सध्या नवी पोरं घेतायत, अमुक जर्नल खरं आहे का पैसे खाणारं आहे, एसपीएसएस (आकडेवारीचं सॉफ्टवेअर) कुणाला येतं का, असलं असतं सगळं. हे प्रश्न लिहून काढा, एकेका चिठ्ठीवर एकेक, आणि पाच-सहा वेगवेगळ्या लोकांना त्याचे गठ्ठे करायला सांगा, गठ्ठ्याला नाव पण त्यांनाच द्यायला सांगा. डिझाइनवाले याला कार्ड सॉर्टिंग म्हणतात. तुमचा मेनू त्यातनंच निघतो, घरी बसून ठरवायचा नाही.

इथं कमिटीशी थोडं वाजतं, आधीच सांगून ठेवतो. त्यांना मेनू कॉलेजवार पाहिजे असतो, म्हणजे आमच्या कॉलेजचं पान, तुमच्या कॉलेजचं पान, त्याखाली विभाग. कॉलेजला ग्रेड देणारी नॅक कमिटी आली की दाखवायला बरं. पण माहिती शोधणारा माणूस कॉलेजच्या नावानं शोधत नाही. कोयनेचंच बघा. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपापासनं तिथल्या भूगर्भावर काम चालूय, कराडजवळ हजारमाचीला त्यासाठी केंद्र सरकारची खोल बोअरवाली प्रयोगशाळा आहे. तिकडं समाजशास्त्रवाले धरणग्रस्तांच्या पुनर्वसनावर लिहितायत, प्राणिशास्त्रवाले जलाशयातल्या माशांवर, इतिहासवाले खोऱ्यातल्या जुन्या गावांवर. कॉलेजवार मेनूत हे चौघं कधी एकमेकांच्या समोर येणार नाहीत. तेच "कोयना" नावाचं एक पान केलं की चौघांचं लिखाण एकाखाली एक दिसतं, आणि मग भूकंपवाला माणूस पुनर्वसनवालीला विचारतो की त्या गावांची जुनी यादी तुमच्याकडं आहे का. अशी ठिकाणांची पानं आपल्याकडं भरपूर निघतात, कास पठार, कृष्णेचा पूर, आटपाडी-जतचा दुष्काळी भाग, माण-खटाव, वाईची जुनी कागदपत्रं, सांगलीची हळद. म्हणजे प्रत्येक लिखाणाला दोन खुणा लावायच्या, एक विषयाची आणि एक ठिकाणाची. कॉलेजचं नाव लिहिणाऱ्याच्या प्रोफाइलवर राहू दे, नॅकला तिथनं आकडे काढून देता येतात, भांडण मिटतं.

जुन्या लिखाणाचं करायचं काय, यात सगळ्यात जास्त डोकं जातं. सगळं ठेवायचं, पण सगळं सारख्या मानानं नाही. पीएचडीच्या नियमांचंच घ्या. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१६ च्या नियमात थिसिस जमा करायच्या आधी रेफरीड, म्हणजे तज्ज्ञांकडनं तपासून छापणाऱ्या जर्नलमध्ये एक पेपर आणि कॉन्फरन्समध्ये दोन सादरीकरणं लागायची, २०२२ च्या नियमात यूजीसीनं ती अट काढली. केअर लिस्टचं, म्हणजे यूजीसीनं मान्य केलेल्या जर्नलांच्या यादीचं पण तसंच, २०२५ च्या फेब्रुवारीत यूजीसीनं ती बंद केल्याचं जाहीर केलं. आता तुमच्या साइटवर २०१९ सालचं एखाद्या जाणत्या सरांचं उत्तर असणार, "केअर लिस्टमध्ये नसेल तर पेपर टाकूच नका", त्याखाली भरपूर आभार, आणि जास्त वाचलं गेलं म्हणून सर्चमध्ये तेच पहिलं. सरांनी त्या वेळी बरोबरच सांगितलेलं, पण आज जतची एखादी पोरगी ते वाचून गडबडते. म्हणून नव्या डिझाइनमध्ये तारीख बारीक करड्या अक्षरात कोपऱ्यात लपवू नका, शीर्षकाच्या खालीच ठळक द्या. आणि "हे आता जुनं झालंय, नवीन इथं बघा" अशी एक पट्टी लावायची सोय ठेवा. मूळ उत्तर खोडायचं नाही, त्यात हात घालायचा नाही, वर पट्टी फक्त. पट्टी लावायचा अधिकार दोन-चार जाणत्या लोकांना द्या, मात्र प्रत्येक विद्यापीठाचे स्वतःचे आणखी नियम असतात तेव्हा पट्टीवर विद्यापीठाचं नाव पण येऊ द्या, आपल्याकडं बहुतेक शिवाजी विद्यापीठाचे असले तरी पुण्याचे, भारती विद्यापीठाचे लोक पण असतातच.

जुन्या पोस्टींमध्ये लोकांनी बिनधास्त मोबाइल नंबर, घरचा पत्ता, कधी पगाराची स्लिप सुद्धा टाकलेली असते. ती आधी झाका. २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा आहेच, पण कायदा नसता तरी झाकायलाच पाहिजे.

आता मराठीचं, कारण बाहेरचा डिझायनर इथं हमखास आपटतो. जुन्या फाइली श्रीलिपी नाहीतर कृतिदेवमधल्या असतात, त्या काळी सगळे त्यातच टाइप करायचे, आणि फॉण्ट नसलेल्या मशिनवर त्या इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतात, गूगलला पण कचराच दिसतो. कन्व्हर्टर टाकून युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशिनवर वाचता येणारं करून घ्या, मात्र जोडाक्षरं आणि आकडे माणसानं वाचून तपासले पाहिजेत. स्कॅन केलेलं छापील मराठी असेल तर चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या टेसरॅक्ट सॉफ्टवेअरनं बऱ्यापैकी निघतं. मोडीचे कागद मात्र तसे निघतील अशा भरवशावर राहू नका, तिथं प्रत्येक स्कॅनखाली दोन-तीन ओळीत लिहा की कागद कशाचा आहे, साल कुठलं, गावं कुठली, म्हणजे निदान शोधताना सापडेल.

आणि सर्च. एक गंमत करून बघा, तुमच्या आत्ताच्या साइटवर आधी "कराड" शोधा, मग "कऱ्हाड" शोधा. रिझल्ट वेगळे येणार, कारण कुणी असं लिहितं कुणी तसं. आता त्यातलं "कऱ्हाड" परत दोन प्रकारे टाइप होतं, काही कीबोर्ड नुक्तावालं (खाली टिंब असलेलं) ऱ वापरतात आणि काही साधा र, हलन्त (पाय मोडायची खूण) आणि न दिसणारा जॉइनर असं करून तेच अक्षर काढतात. डोळ्याला दोन्ही सेम, कॉम्प्युटरला वेगळे शब्द. म्हणजे एका गावाचे तीन शब्द झाले आणि एका वेळी त्यातल्या एकाचंच सापडतंय. दुसऱ्या, सुऱ्या, ऱ्हास सगळ्यांचं हेच. डेव्हलपरला सांगायचं की इंडेक्स करताना आणि शोधताना दोन्हीकडं हे एकाच रूपात आण. क्रम महत्त्वाचा आहे, आधी जॉइनरवाला र बदलून नुक्तावाला करायचा, मग राहिलेले जॉइनर काढायचे. उलटं केलं तर कऱ्हाडचं "कर्हाड" होऊन बसतं, रफार उडून ह वर. शिवाय एक समानार्थी शब्दांची यादी द्यायची, कराड आणि कऱ्हाड एकच, कोयना आणि कोयनानगर जवळचे, आणि रोमनमध्ये टाइप केलेली गावांची नावं पण त्यात. ही यादी लायब्ररियनकडनं करून घ्या, त्यांच्याइतकी कुणाला चांगली जमत नाही.

दिसण्याबद्दल थोडंच सांगतो. इंग्रजी टेम्प्लेटमध्ये ओळींमधलं अंतर कमी असतं, आपल्या वेलांट्या वर आणि उकार खाली जातात, ते एकमेकांना धडकतात, म्हणून ओळीची उंची फॉण्ट साइजच्या १.६ पट तरी ठेवा. लेटर स्पेसिंग शून्य, कारण अक्षरांमध्ये जागा सोडली की शिरोरेषा तुटते आणि शीर्षक दात पडल्यासारखं दिसतं. मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरी फुकट आहेत, चांगले आहेत, त्यातला एक घ्या, तीन-तीन फॉण्ट नकोत. पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये लिहा, म्हणजे अंध वाचकांचा स्क्रीन रीडर मराठीत वाचतो. करड्या पाटीवर करडी अक्षरं ही फॅशन नको, कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि पाटीच्या उजळपणातला फरक) किमान ४.५ ला १ पाहिजे असं डब्ल्यूसीएजीमध्ये, म्हणजे साइट सगळ्यांना वाचता यावी म्हणून केलेल्या नियमावलीत दिलेलंच आहे आणि वर्गणी देणारे निम्मे लोक चाळिशीचा चष्मावाले असतात. पान हलकं पाहिजे. तुमच्या ऑफिसमधल्या वायफायवर नका तपासू, पाटण नाहीतर जावळीच्या आतल्या गावात साध्या मोबाइलवर उघडून बघा, तिथं उघडलं तर सगळीकडं उघडतं.

होमपेजवरनं सत्काराचे फोटो फिरवणारा स्लायडर काढायचा. हे बोलायला अवघड आहे पण बोला, "सर, फोटोंसाठी वेगळं पान करतो, मोठे लावतो" म्हटलं की बहुतेक वेळा ऐकतात. त्या जागी मोठा सर्चबॉक्स, त्याखाली ज्यांना अजून उत्तर मिळालं नाही असे ताजे प्रश्न, मग येणाऱ्या तारखा, बास. बिनउत्तराचे प्रश्न समोर दिसले की जाणत्या माणसाला राहवत नाही, तो लिहितोच.

नावांचा घोळ तर विचारूच नका. आपल्या दोन जिल्ह्यांत एस. पाटील किती असतील, आणि त्यातले पाचजण केमिस्ट्रीचे. प्रोफाइलमध्ये ऑर्किडचा (ORCID) रकाना ठेवा, प्रत्येक संशोधकाची वेगळी ओळख सांगणारा सोळा खुणांचा नंबर, २०१२ पासनं चालूय, संशोधकाला फुकट मिळतो, आणि त्यानं लॉगिन पण देता येतं म्हणजे नवा पासवर्ड विसरायची भानगड नाही. सक्ती करू नका मात्र, हौशी इतिहासवाल्यांकडं तो नसतो आणि आपल्याकडं निम्मं चांगलं लिखाण त्यांचंच आहे.

व्हॉट्सॲपशी स्पर्धा करायला जाऊ नका, हरणार. प्रश्न तिथंच पडणार, उत्तरं पण तिथंच पडणार आणि संध्याकाळपर्यंत गुड नाइटच्या फोटोंखाली गाडली जाणार. तुम्ही एवढंच करा की साइटवरची लिंक व्हॉट्सॲपवर टाकली की शीर्षक, दोन ओळींचा सारांश आणि त्यातच तारीख नीट दिसली पाहिजे, त्यासाठी पानात ओपन ग्राफचे, म्हणजे लिंकची झलक ठरवणारे टॅग लागतात, अर्ध्या दिवसाचं काम आहे. म्हणजे कुणी विचारलं की जुना माणूस लिंक चिकटवतो आणि वाद मिटतो.

सॉफ्टवेअर कुठलं? डिस्कोर्स चांगलं आहे, चर्चेसाठीच बनवलंय, पण ते आपलं आपण चालवायचं तर स्वतःचा सर्व्हर लागतो आणि तो सांभाळणारा माणूस लागतो. वर्डप्रेस साध्या शेअर्ड होस्टिंगवर चालतं, त्याला बडीप्रेस नावाचं प्लगइन जोडलं की प्रोफाइल, ग्रुप येतात, आणि वर्डप्रेस येणारा पोरगा विश्रामबागेत पण मिळतो, कोरेगावात पण मिळतो. माझं मत विचाराल तर ज्याला दुरुस्त करणारा माणूस तासाभराच्या अंतरावर आहे ते घ्या.

अर्धवट साइट तयार झाली की लगेच लोकांसमोर ठेवा, पूर्ण व्हायची वाट बघू नका. साइट वापरायला सोपी कशी करायची यातला जाणकार जेकब नील्सन, त्यानं २००० सालीच लिहून ठेवलंय की पाच माणसांकडनं तपासून घेतलं तरी बहुतेक अडचणी दिसतात, त्यापेक्षा दुरुस्त करून परत पाच माणसं बसवणं फायद्याचं. आपल्याकडची पाच कोण, तर एक रिटायर सर, एक सीएचबीवर (तासाच्या हिशोबानं) तास घेणारी मॅडम, एक पीएचडीचं पोरगं, एक लायब्ररियन आणि एक बाहेरचा, ज्यानं साइट कधी बघितलीच नाही. त्यांना "कशी वाटली" असं विचारायचं नाही, छानच म्हणणार, आपल्याकडं तोंडावर कोण वाईट बोलतंय. काम द्यायचं. तासगावकडच्या एका लायब्ररियन मॅडमना म्हटलं, "मॅडम, समजा तुमच्याकडं एक पोरगी आली, तिला २०१९ च्या महापुरावर इथल्या कुणी काय काम केलंय ते बघायचंय, तुम्ही तिला काढून द्या." मॅडमनी मोबाइल हातात घेतला, "उपक्रम" दाबलं, मागं आल्या, "संसाधने"वर बोट नेलं आणि न दाबताच थांबल्या, मग खाली खाली सरकवत तळाला गेल्या. डेव्हलपर पोरगा शेजारी नुसता तळमळत होता, वर सर्च आहे म्हणून सांगायला, त्याला डोळ्यानंच गप्प बसवलं. शेवटी मॅडम म्हणाल्या, "मी आपली गूगलवरच बघते की ओ, ते बरं पडतं." सर्चची ती बारीक भिंगाची खूण त्यांना दिसलीच नव्हती. त्या दिवशी भिंग गेलं आणि पानभर रुंदीचा चौकोन आला, आत लिहिलेलं, "विषय, गाव किंवा लेखकाचं नाव टाका". "संसाधने"चं पण "नमुने आणि फॉर्म" झालं. गप्प बसणं हे या कामातलं सगळ्यात अवघड काम आहे, ज्याला जमत नाही त्याला खोलीत घेऊ नका.

लाइव्ह करायच्या आधी जुने पत्ते, म्हणजे जुन्या पानांच्या लिंका. याला कुणी वेळ देत नाही आणि नुकसान इथंच होतं. तुमच्या साइटच्या लिंका लोकांच्या थिसिसच्या संदर्भसूचीत गेलेल्या असतात, ते थिसिस शोधगंगेवर, म्हणजे देशभरातले थिसिस ठेवणाऱ्या साइटवर चढलेत, ते आता कुणी बदलू शकत नाही. पत्ता तुटला की त्या बिचाऱ्याचा संदर्भच खोटा ठरतो. म्हणून एक्सेलमध्ये एका रकान्यात जुना पत्ता, दुसऱ्यात नवा, आणि सगळ्यांना ३०१ रीडायरेक्ट, म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेला माणूस आपोआप नव्यावर जातो आणि गूगललाही कळतं की मुक्काम कायमचा हललाय. जुन्या पत्त्यांमध्ये नंबर असेल तर नव्या साइटमध्ये तोच नंबर ठेवायला सांगा, मग एका नियमात सगळं बसतं, हजार ओळी लिहाव्या लागत नाहीत. सगळंच होमपेजकडं वळवायचा आळशी उपाय करू नका. फाइलींचे पत्ते विसरायचे नाहीत, लोक पीडीएफचीच लिंक जास्त देतात.

दिवस निवडताना जून आणि डिसेंबरच्या नेट परीक्षेचे आठवडे टाळा, विद्यापीठाच्या परीक्षा टाळा, गणपती-दिवाळी टाळा. मंगळवार-बुधवार सकाळ चांगली, कारण काही बिघडलं तर सगळे जागेवर असतात. नव्या साइटसाठी पासवर्ड बदलायचा मेल सगळ्यांना एकदम पाठवू नका, एसपीएफ आणि डीकेआयएमच्या नोंदी, म्हणजे मेल खरंच आपल्याच डोमेनवरनं आलाय हे सांगणाऱ्या, आधी लावा आणि थोडे थोडे करून पाठवा, नाहीतर सगळे स्पॅममध्ये जातात आणि लोकांना वाटतं आपल्याला काढून टाकलं. मेल जाईल त्याच दिवशी ग्रुपवर पण टाका की असा असा मेल येणार आहे, तो खरा आहे, पण ओटीपी आम्ही फोनवर कधी विचारणार नाही.

जुनी साइट लगेच पुसू नका, काही महिने नुसती वाचण्यापुरती कुठंतरी आतल्या पत्त्यावर ठेवा, गूगलला दिसणार नाही अशी. कुणी म्हटलं माझं लिखाण गेलं, तर तिथनं काढून देता येतं. आणि सुरुवातीला दर सोमवारी दोन याद्या बघायच्या, एक ४०४ ची, म्हणजे लोक कुठल्या पत्त्यावर जाऊन रिकाम्या हातानं परत गेले, आणि दुसरी बिनउत्तराच्या प्रश्नांची. त्याला दोन माणसं नावानिशी नेमा, एक साताऱ्याचं आणि एक सांगलीचं. पावसाळ्यात एकाकडची लाइट गेली तर दुसऱ्याकडं असते.